परदेशातील अतिरेकी संघटनेत गेलेला नागरिक आणि मायदेशाचे दार : कायदा, न्याय व ख्रिस्ती दृष्टी

प्रश्नाचे स्वरूप

आपल्याच देशाचा नागरिक परदेशी जाऊन एखाद्या अतिरेकी संघटनेत सामील झाला आणि काही काळाने त्याला घरी परतावेसे वाटले, तर शासनाने त्यास येऊ द्यावे काय? २०१४ साली इराक व सीरियामध्ये ‘इस्लामिक स्टेट’ या संघटनेने मोठा भूप्रदेश बळकावला. अनेक देशांतील तरुण तिकडे ओढले गेले, आणि तेव्हापासून हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. लोकसंख्येच्या मानाने भारतातून गेलेल्यांची संख्या अत्यल्प होती. तरी महाराष्ट्र त्यातून सुटला नाही. जळगाव, भुसावळहून मनमाड-नाशिकमार्गे मुंबईस जाणारी गाडी ज्या कल्याण स्थानकावरून जाते, त्याच कल्याणचे चार तरुण या वाटेने गेले होते. म्हणून खानदेशातील भाविकांनीही हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कल्याणचे प्रकरण

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण धार्मिक स्थळांच्या यात्रेसाठी निघालेल्या एका समूहासोबत बगदादला गेले आणि तेथे समूहापासून वेगळे होऊन दिसेनासे झाले. कुटुंबीयांनी पोलिसांकडे धाव घेतली. पुढे त्यांपैकी अरीब मजीद हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी मारला गेल्याची वार्ता आली. मात्र काही आठवड्यांनी त्याचा घरी दूरध्वनी आला. तुर्कस्तानमार्गे तो २८ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यास अटक केली.

त्याच्यावर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा (१९६७) आणि भारतीय दंड संहितेचे कलम १२५ यांखाली खटला भरण्यात आला. भारताशी मैत्रीचे संबंध असलेल्या आशियाई राष्ट्राविरुद्ध युद्ध करणे हा या कलमाखालील गुन्हा होता. तो घातपाताच्या हेतूने परतला, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तो स्वेच्छेने घरी आला, असे बचाव पक्षाचे. मार्च २०२० मध्ये विशेष न्यायालयाने त्यास जामीन दिला. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुराव्याच्या गुणवत्तेविषयीचे खालच्या न्यायालयाचे मत बाजूला सारले, तथापि खटल्यास झालेल्या विलंबाच्या कारणास्तव जामीन कायम ठेवला. सहा वर्षांहून अधिक काळ तो कारागृहात होता. तोवर सुमारे पन्नास साक्षीदार तपासून झाले होते आणि शंभराहून अधिक बाकी होते. आरोप गंभीर असला तरी आरोपीस जलद न्यायाचा हक्क आहे, हे तत्त्व न्यायालयाने येथे जपले.

केरळच्या स्त्रियांचा प्रश्न

याहून अवघड प्रसंग केरळमध्ये उद्भवला. २०१६ साली तेथील कासरगोड व पालक्काड परिसरातून सुमारे वीस स्त्री-पुरुष व मुले देश सोडून अफगाणिस्तानच्या नंगरहार प्रांतात ‘इस्लामिक स्टेट’च्या आश्रयास गेली. त्यांतील काही जण जन्माने ख्रिस्ती कुटुंबांतील होते आणि पुढे त्यांनी धर्मांतर केले होते, ही बाब आपणास अंतर्मुख करणारी आहे. तेथील लढाईत पुरुष मारले गेले. २०१९ च्या अखेरीस काही विधवा आपल्या लेकरांसह अफगाण सैन्यास शरण आल्या व काबूलच्या तुरुंगात दाखल झाल्या.

जून २०२१ मध्ये, अशा चार स्त्रियांना परत न आणण्याकडे केंद्र सरकारचा कल असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल जिंकले आणि तुरुंगांची दारे उघडली गेली. आपली कन्या व अल्पवयीन नात यांना मायदेशी आणावे व कन्येवर भारतातच खटला चालवावा, अशी मागणी घेऊन एका पित्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्याच्या निवेदनावर आठ आठवड्यांत निर्णय घेण्यास केंद्र सरकारला सांगितले. कन्येस मोकळे सोडावे, असे त्या पित्याचे म्हणणे नव्हते. तिला भारताच्या न्यायालयापुढे उभे करावे, एवढीच त्याची विनंती होती. हा भेद महत्त्वाचा आहे.

भारतीय कायदा काय सांगतो

पहिली गोष्ट नागरिकत्वाची. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार कोणी स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्याचे नागरिकत्व विशिष्ट कारणांसाठी शासन काढून घेऊ शकते. परंतु जन्माने भारतीय असलेल्या व्यक्तीचे नागरिकत्व शिक्षा म्हणून हिरावून घेण्याची तरतूद या कायद्यात नाही. गुन्हेगार ठरला तरी तो आपलाच गुन्हेगार राहतो.

दुसरी गोष्ट परतण्याच्या हक्काची. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील तेराव्या अनुच्छेदात स्वदेशी परतण्याचा हक्क मान्य केला आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा बारावा अनुच्छेद कोणाचाही स्वदेशप्रवेश मनमानीपणे रोखण्यास मनाई करतो. भारत १९७९ साली या करारात सामील झाला.

तिसरी गोष्ट शिक्षेची. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल भारतात खटला चालू शकतो. त्यासाठी केंद्र शासनाची संमती लागते. म्हणजे परत येऊ देणे आणि मोकळे सोडणे या एकच गोष्टी नव्हेत. केरळचा एक रहिवासी २०१५ साली इराकला जाऊन त्याच वर्षी परतला होता. कोचीच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यास जन्मठेप सुनावली. मुंबईतील मालवणी प्रकरणात दोन आरोपींनी गुन्हा कबूल केल्यावर जानेवारी २०२२ मध्ये त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. न्यायव्यवस्था अशा प्रकरणांचा निवाडा करू शकते, हे यावरून दिसते.

ब्रिटनने निराळा मार्ग पत्करला. २०१५ साली वयाच्या पंधराव्या वर्षी लंडनहून सीरियास गेलेल्या शमीमा बेगम हिचे नागरिकत्व तेथील शासनाने २०१९ मध्ये काढून घेतले आणि पुढील अपिलांतही तिला यश आले नाही. याउलट कझाकस्तानने २०१९ मध्ये विशेष मोहीम राबवून आपल्या शेकडो नागरिकांना, मुख्यतः स्त्रिया व मुलांना, सीरियातून परत आणले. दोषींवर खटले भरले व इतरांच्या पुनर्वसनाची सोय केली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही डिसेंबर २०१७ च्या ठरावात खटला, पुनर्वसन आणि समाजात सामावून घेणे या तिन्हींवर भर दिला आहे.

विरोधी मत व त्याचे वजन

परत घेण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके लेखता येणार नाही. २०१४ मध्ये मोसुलच्या ख्रिस्ती बांधवांना घरदार सोडावे लागले. त्याच शहरात अपहरण झालेले ३९ भारतीय कामगार मारले गेले असल्याचे मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगण्यात आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर एकवीस ख्रिस्ती मजुरांचा शिरच्छेद झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये त्यांचा समावेश रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत केला. अशा संघटनेत स्वखुशीने गेलेल्याविषयी मनात संताप उसळला, तर तो अनैसर्गिक नव्हे.

धोकाही काल्पनिक नाही. २६ जुलै २०१६ रोजी फ्रान्समधील एका चर्चमध्ये मिस्साबलिदान चालू असताना वयोवृद्ध धर्मगुरू जाक हामेल यांची हत्या झाली. दोन मारेकऱ्यांपैकी एकाने सीरियास जाण्याचा दोनदा प्रयत्न केला होता. त्यास पकडून परत आणण्यात आले होते आणि हत्येच्या वेळी तो पायात इलेक्ट्रॉनिक कडे घालून न्यायालयीन देखरेखीखाली घरी राहत होता. देखरेख अपुरी पडली की निरपराधांचा जीव जातो, हा याचा कठोर धडा आहे.

तथापि दार बंद केल्याने धोका संपतो असेही नाही. बाहेर ठेवलेला मनुष्य कोणाच्याही नजरेखाली राहत नाही. त्याचा निवाडा होत नाही, पीडितांना उत्तर मिळत नाही, आणि त्याला कोणी व कसे फशी पाडले ही माहिती तपास यंत्रणेच्या हाती लागत नाही. शिवाय आपल्या नागरिकाचा भार दुसऱ्या, बहुधा युद्धाने खचलेल्या देशावर पडतो.

भुसावळचा धडा

खानदेशाला या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९९४ मध्ये भुसावळ येथे अतिरेकी संघटना उभारून बाबरी मशिदीच्या पाडावाचा सूड घेण्याचा कट केल्याच्या आरोपावरून अकरा मुस्लिम व्यक्तींवर ‘टाडा’ कायद्याखाली खटला दाखल झाला. टाडा कायदा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण खटला चालूच राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकच्या विशेष न्यायालयाने सर्व अकरा जणांना निर्दोष मुक्त केले. मधे पंचवीस वर्षे लोटली होती. तरुण वृद्धत्वाकडे झुकले आणि कुटुंबांवरील कलंक पुसला जाण्यास एक पिढी गेली.

या दोन बाजू एकत्र ठेवूनच विचार करावयास हवा. खरा अपराधी सुटता कामा नये आणि निरपराध भरडला जाता कामा नये. या दोन्हींसाठी जलद व उघड न्यायालयीन चौकशी हाच उपाय आहे. संशयिताला सीमेबाहेरच रोखले, तर तो अपराधी की निरपराध हे ठरविण्याचा मार्गच खुंटतो.

ख्रिस्तसभेची दृष्टी

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) या ठिकाणी सहज आठवतो. मात्र तो घाईने लावू नये. त्या पुत्राने स्वतःची मालमत्ता उधळली होती. येथे इतरांचे रक्त सांडलेले असू शकते. म्हणून जक्कयाची कथाही (लूक १९) सोबत वाचावी. ज्यांना लुबाडले त्यांची चौपट भरपाई करण्याची तयारी हा त्याच्या पश्चात्तापाचा भाग होता. नुकसानभरपाई व शिक्षा स्वीकारणे हे खऱ्या पश्चात्तापाचे लक्षण होय.

कॅथोलिक धर्मशिक्षणानुसार शासनाला समाजाच्या रक्षणाचा अधिकार व कर्तव्य आहे, आणि शिक्षेचा एक हेतू अपराध्याची सुधारणा हाही आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ डिसेंबर १९८३ रोजी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आजा याची तुरुंगात जाऊन भेट घेतली. त्याला क्षमा मिळाली होती, तरी इटलीच्या तुरुंगातून त्याची सुटका २००० सालापर्यंत झाली नाही. क्षमा आणि न्याय एकमेकांचे शत्रू नव्हेत, हे त्यावरून उमगते. फादर हामेल यांच्या भगिनींनी मारेकऱ्याच्या मातेशी नाते जोडले. दोघींचेही दुःख खरे होते.

मुलांचा विचार तर स्वतंत्रपणेच केला पाहिजे. पित्याच्या पापाचा भार पुत्राने वाहावयाचा नाही, ही संदेष्टा यहेज्केल याची शिकवण (अध्याय १८) स्पष्ट आहे. युद्धभूमीवर जन्मलेल्या अर्भकाने कोणत्याही संघटनेत नाव नोंदविलेले नसते. त्यास आजी-आजोबांच्या घरी आणणे ही कृपा नसून न्याय आहे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कॅथोलिक समाज संख्येने अल्प आहे. बहुसंख्य हिंदू बांधव आणि मोठा मुस्लिम समाज यांच्या शेजारी आपण राहतो. धुळे शहराने २००८ व २०१३ मध्ये जातीय दंगलींचे घाव सोसले आहेत. परदेशी गेलेल्या एखाद्या तरुणाच्या अपराधाबद्दल त्याच्या सर्व धर्मबांधवांकडे बोट दाखविणे हे सत्यास धरून नाही आणि ख्रिस्ती प्रीतीस तर मुळीच धरून नाही. कल्याणच्या तरुणांविषयी पोलिसांना प्रथम कळविणारे त्यांचे कुटुंबीयच होते, हे विसरू नये. घरी परतण्याची वाट पूर्ण बंद आहे असे वाटले, तर उद्या कोणता पिता पोलिसांकडे जाईल?

केरळचा अनुभव सांगतो की ख्रिस्ती घरेही या धोक्यापासून सुरक्षित नाहीत. आपला मुलगा वा मुलगी एकाकी पडली आहे काय, इंटरनेटवर कोणाशी बोलते, घरच्यांपासून अचानक का दुरावली, याकडे आईवडिलांनी मायेने लक्ष द्यावे. शंका आल्यास लाज न बाळगता धर्मगुरूंशी बोलावे आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी. वेळीच उचललेले पाऊल मुलाचे प्राण वाचवू शकते. युवक मंडळांनी व शाळांनी सर्वधर्मीय मैत्रीचे उपक्रम नेटाने चालवावेत.

सारांश असा की, परदेशातील अतिरेकी संघटनेत गेलेल्या भारतीय नागरिकास परत येऊ द्यावे, परंतु ते थेट न्यायालयापुढे. तेथे त्याचा निवाडा विनाविलंब व्हावा; दोषी ठरल्यास त्याने शिक्षा भोगावी व शिक्षेच्या काळात सुधारण्याची संधी त्यास मिळावी; निर्दोष ठरल्यास समाजाने त्यास पुन्हा आपलेसे करावे. आपल्या प्रार्थनेत हिंसेचे बळी, त्यांची कुटुंबे आणि वाट चुकलेले तरुण या सर्वांची आठवण असू द्यावी.