सुप्याचे दारिद्र्य



उत्तर कन्नड जिल्ह्यात विस्ताराने सर्वांत मोठा तालुका जोयड्याचा, आणि माणसांची वस्ती सर्वांत विरळ, तीही जोयड्याचीच. २०११ च्या शिरगणतीत या अवाढव्य मुलखात मिळून अवघी ५२ हजारांच्या आसपास माणसे भरली. तालुक्याचे जुने नाव सुपे. ते गाव आज काळी नदीवरील धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, तर त्याचे अवशेष दिसतात म्हणतात.

निसर्गाने या भूमीला देताना हात आखडता घेतलेला नाही. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते. सह्याद्रीचा पाऊस येथे मुक्तहस्ताने पडतो. साग, शिसव, किंदळ, बांबू यांची अरण्ये, खाली मँगनीज, आणि नदीच्या पाण्यापासून निघणारी वीज. असे असूनही या तालुक्यात रानाच्या कडेला राहणारा कुणबी, सिद्दी किंवा गवळी गरीब का, असा प्रश्न कोणाही प्रवाशाला पडावा. त्याचे ठरीव उत्तर फार जुने आहे. हे लोक रानटी, आळशी, एका जागी न टिकणारे, असे गेल्या शतकापूर्वीचे साहेब लिहून गेले आणि आपल्याकडील शिकलेल्या लोकांनीही ते फारशी चिकित्सा न करता उचलले. मला हे उत्तर पटत नाही. ते का पटत नाही, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास चाळावा लागेल.

दारिद्र्याची मोजदाद आपल्या देशात पुष्कळ झाली आहे. दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये काढून दाखविले, तो काळ एकोणिसाव्या शतकातला. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च, म्हणजे १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये, ही त्यांची रेषा. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु किती लोक गरीब, हे कळले म्हणजे अमुकच लोक गरीब का, हे आपोआप कळत नाही. जोयड्यापुरते त्याचे उत्तर मला तरी सरकारी दप्तरांत सापडते. कोणाचे नाव कोणत्या कागदावर चढले आणि कोणाचे राहिले, याचा तो इतिहास आहे.

प्रथम कुमरी. गोव्याकडे हिला कुमेरी म्हणतात. डोंगरउतारावरील रानाचा एक तुकडा थंडीच्या दिवसांत तोडावयाचा, तो वाळू द्यावयाचा, पावसापूर्वी जाळावयाचा आणि त्या राखेत नाचणी, वरी यांसारखी धान्ये पेरावयाची. एकदोन पिके निघाली की तो तुकडा सोडून द्यावयाचा. रान पुन्हा वाढून दाट होईपर्यंत, म्हणजे दहाबारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक, तेथे कोयता लावावयाचा नाही. लोकसंख्या तुरळक आणि रान अफाट, तोवर ही पद्धत चालू शकत होती. नांगर नको, बैल नकोत, सावकाराचे भांडवल तर नकोच. कुणब्याच्या या शेतीला एकच गोष्ट लागे: रानात शिरण्याची मोकळीक. नेमकी तीच काढून घेण्यात आली.

टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली कानडा प्रांत इंग्रजांकडे आला आणि मद्रास इलाख्याला जोडला गेला. तेथील महसुलाची घडी ‘वर्ग’ या नावाच्या खात्यावर बसविलेली होती. खाते ज्याच्या नावाचे तो वर्गदार. सरकार ओळखे ते त्याला. त्याच्या हाताखाली मूळगेणी आणि चालगेणी कुळे. मूळगेणी कुळाचा खंड कायमचा ठरलेला, त्याला हलविता येत नसे. चालगेणी कूळ धन्याच्या मर्जीवर. कुमरी तोडणारा या उतरंडीत सर्वांत खाली, आणि पुष्कळदा तो उतरंडीच्याही बाहेर असे. तो दरवर्षी जागा बदलणार, मग त्याचे नाव कोणत्या खात्यावर चढवावयाचे? कारकुनाच्या दृष्टीने ही अडचण खरीच होती. तिचा भुर्दंड मात्र कुणब्याच्या पिढ्यांना पडला.

पुढे आगगाड्या आणि गलबते यांसाठी इंग्रजांना लाकूड हवे झाले. १८६० मध्ये मद्रास सरकारने परवानगीवाचून सरकारी रानात कुमरी करण्यास मनाई केली. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्याकडे आला, पण धोरण तेच राहिले. १८६५ चा आणि नंतर १८७८ चा जंगल कायदा झाला आणि राखीव रानाच्या सीमा डोंगरांवरून फिरू लागल्या. या रानांचा धनी कोण, यावरून वर्गदार आणि सरकार यांच्यात मोठे तंटे झाले. भास्करप्पा विरुद्ध उत्तर कानडाचे कलेक्टर हा खटला मुंबई उच्च न्यायालयात १८७९ साली सरकारच्या बाजूने निकालात निघाला. कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. त्या वादात एक बाजू खातेदाराची, दुसरी सरकारची. राख पेरून नाचणी काढणारा माणूस त्यात वादीही नव्हता आणि प्रतिवादीही नव्हता.

कुमरी गेली तेव्हा कुणब्यापुढे दोनच वाटा उरल्या. खोऱ्यातील भातशेतीत किंवा सुपारीच्या बागेत कोणाचे तरी कूळ व्हावयाचे, नाही तर जंगलखात्याच्या कूपावर मजुरीने लाकूड तोडावयाचे. जे रान तोडल्याबद्दल आजा गुन्हेगार ठरला, तेच रान नातू रोजावर तोडू लागला. लग्नासाठी धन्याकडून घेतलेले कर्ज अंगमेहनतीने फेडीत राहण्याची चाल कानड्यात जुनीच होती. ती या नव्या कुळांनाही चिकटली. सिद्दी लोकांची कथा त्याहून कठोर. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले; त्यांतील पुष्कळांनी गोव्यातून निसटून या रानांचा आश्रय घेतला. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयाचा आधार राहिला नाही, पण मोकळ्या झालेल्या माणसाला जमीन देण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

येथे हिवतापाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुप्याची बदली म्हणजे शिक्षा, अशी सरकारी नोकरांची समजूत, आणि ती निराधार नव्हती. १९०१ पासून १९२१ पर्यंत साऱ्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि घाटावरील रानाळ भागाला तापाने फार छळले. नेमक्या पेरणी-लावणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस थंडीतापाने अंथरुणाला खिळला, की त्या वर्षीचे पीक बुडालेच. मग त्याच माणसाला साहेब ‘आळशी’ म्हणून लिहून ठेवणार! १९४५-४६ च्या सुमारास डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई सरकारने कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारण्याचा प्रयोग केला. हिंदुस्थानातील अशा पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक. ताप हटला आणि तेवढ्यापुरता आळसही हटला. या एका गोष्टीवरून जुन्या साहेबांच्या निदानाची किंमत समजावी.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटावयास हवे होते. काही अंशी ते पालटलेही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी, अशी तीन भाषांची कसरत येथल्या मुलांच्या वाट्याला आली. १९७४ चा कूळकायदा मात्र खरोखर मोठा. १ मार्च १९७४ पासून कुळाची जमीन सरकारात जमा आणि अर्ज केल्यास ती कुळाच्या नावाने, अशी त्याची रचना होती. ज्याच्याजवळ कूळ असल्याचा काही पुरावा होता, ज्याला अर्ज भरून देणारा कोणी भेटला आणि धन्याच्या नजरेला नजर देण्याचे ज्याला धैर्य होते, तो खातेदार झाला. पण कसत असलेल्या जमिनीला रान असे नाव पडले होते, तेथे धनीच सरकार; कूळकायद्याचा हात तेथवर पोहोचण्यासारखा नव्हता.

त्याच सुमारास काळी नदीवरील धरणाचे काम हाती घेतले गेले, आणि १९८०-९० या दशकात सुपे बुडाले. १०१ मीटर उंचीचे ते धरण पाहून छाती दडपते. कचेऱ्या जोयड्यास आल्या, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. भूमिसंपादनाच्या कायद्यात भरपाई मिळते ती हक्क दाखविता येईल अशा जमिनीची. बुडालेल्या रानातील मध, दालचिनी, शिकेकाई, कंद आणि गुरांची चराई यांना कोणत्याही उताऱ्यावर जागा नव्हती, मग किंमत कोठून येणार?

बांबूची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. शेजारच्या दांडेलीस १९५९ च्या सुमारास कागदाचा कारखाना सुरू झाला. त्याला सरकारी रानातील बांबू अगदी नाममात्र दराने मिळे. सूप-टोपली विणणाऱ्याला तो बाजारभावाने घ्यावा लागे. काही वर्षांत बेटे विरळ झाली, तेव्हा दोष गावकऱ्यांच्या तोडीला आणि गुरांना देण्यात आला. १९७५ च्या सुमारास माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी या रानांत हिंडून तपास केला. तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ करण्याची खात्याची शिस्त होती. ते आवरण गेल्यामुळे कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी पडतात, असे गावकरी सांगत, आणि तपासात त्यांचेच म्हणणे खरे ठरले. गावकऱ्यांचे हे ज्ञान आधी कोणत्याही अहवालात नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता नावाविषयी. घाटमाथ्यावरील मराठी वाचकाला कुणबी म्हटले की देशावरचा नांगरधारी शेतकरी आठवतो. जोयड्याचा कुणबी तो नव्हे. त्याचे सोयरेसंबंध आणि चालीरीती सीमेपलीकडील सांगे, काणकोणच्या कुणबी-वेळिपांशी मिळत्याजुळत्या आहेत. ही सीमा तरी कोणी आखली? १७६३ साली हैदरने बिदनूर घेतले आणि पाठोपाठ सोंधे संस्थानावर तो चालून आला. सोंध्याचा राजा गोव्याला पोर्तुगीजांच्या आश्रयास गेला. त्याच्या घाटाखालील मुलखाचा काही भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिला, घाटावरचा हैदराकडे गेला. राजेलोकांच्या त्या पळापळीत एकाच रानातील माणसे दोन राज्यांत वाटली गेली. तिचा परिणाम दोनशे चाळीस वर्षांनी, २००३ साली दिसला. त्या वर्षी अमलात आलेल्या दुरुस्तीने गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळिप अनुसूचित जमातींच्या यादीत आले. उत्तर कन्नडातील सिद्दीही त्याच दुरुस्तीने यादीत आले, आणि ते योग्यच झाले. जोयड्याचा कुणबी मात्र तेव्हा बाहेर राहिला. म्हशी राखणारा, घरी मराठी बोलणारा गवळीही बाहेरच राहिला. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरचे दोन भाऊबंद. एक आदिवासी, दुसरा नाही!

ही केवळ मानाची गोष्ट असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. जमीन पतिपत्नी दोघांच्या नावाने करून देण्याचे त्यात सांगितले आहे. कंद ओळखणाऱ्या, लावणाऱ्या आणि राखणाऱ्या येथील बायांचे नाव सरकारी कागदावर येण्याचा हा बहुधा पहिलाच मार्ग. परंतु अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तेथे राहत व कसत असल्याचे दाखविले की पुरते. इतरांना त्याखेरीज तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब करा: १९३० साल येते. त्या साली कुणब्याची कुमरी बंद होती, शेत धन्याच्या खात्यावर होते आणि रान सरकारच्या. ज्या दप्तराने त्याचे नाव लिहिण्याचे नाकारले, त्याच दप्तरातील उतारा आज त्याच्याकडे मागितला जातो. जिल्ह्यात असे हजारो अर्ज फेटाळले गेले आहेत. त्यातच जोयड्याचा मोठा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. ज्याचा हक्क सिद्ध झालेला नाही, त्याने तेथे कोणत्या बळावर राहावे?

दर वर्षी जानेवारीच्या सुमारास जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरतो. मुडली, काटेकणगी, करांदे, सुरण, अशी कितीतरी जातीची कंदमुळे कुणबी घरांतून तेथे येतात. शहरांतून लोक कौतुकाने विकत घेतात. तोटीच्या दिवसांत या कंदांनी या घरांना जगविले. त्यांची रोपे वर्षानुवर्षे ज्या परसांत राखली गेली, त्यांतील किती परसे आज मालकाच्या नावावर आहेत, हे विचारावेसे वाटते.

वनहक्काच्या नियमांत एक दार उघडे आहे. उतारा नसेल, तर लावलेली झाडे, बांध, विहीर, देवस्थान, स्मशान, वंशावळ हेही पुरावे चालतात. आणि अर्जदाराखेरीज गावातील वृद्ध माणसांचे सांगणे लिहून घेतल्यास तेही पुरावाच आहे. ग्रामसभेत म्हातारी माणसे ते कोकणीत सांगतात: हा फणस कोणी लावला, त्या मळ्याला काय नाव होते, शेवटची कुमरी कोणत्या उतारावर जाळली. लिहिणारा ते कानडीत उतरून घेतो. मग ते वाचून दाखवावे लागते, आणि म्हातारा अंगठा उठवितो.