नांगर आणि नांगरणारा हात

सालेकशाच्या परिसरांत पावसाचें पाणी धानाच्या बांध्यांत सांचलें कीं चिखलणी सुरू होते. या चिखलांत हलका लांकडी नांगर पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याचें कारण अडाणीपणा नव्हे. बांधी लहान, वळण घ्यावयाचें तें कोपऱ्यांत, बैलांची जोडी एकच. शिवाय खालचा घट्ट थर फुटला तर पाणी ठरत नाहीं. अवजाराचा खरा परीक्षक रोवणीपूर्वीं बैलांमागें चालणारा शेतकरीच होय.

हाच धडा सालेकशापासून दूर, बेळगांवीं, एका कारखानदारास कष्टानें शिकावा लागला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून तेथें आले. बंधूंबरोबर सायकलींचा व्यापार, मग कडबा कापण्याचें यंत्र आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर, असा त्यांचा क्रम झाला. काळ्या जमिनींत लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथून टाकतो व हरळीचीं मुळें वर आणतो. गुण उघड होते. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. लोखंडानें जमिनीस विष बाधतें, अशी समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं.

शेतकऱ्यास हट्टी म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याचा एक हंगाम चुकला कीं घरांतील वर्षाचें अन्न जातें, त्यानें नव्या वस्तूची भीति धरावी, यांत नवल काय? ती भीति युक्तिवादानें जाणारी नव्हती. नांगर शेतांत चाललेला दिसला पाहिजे, झिजलेला फाळ बदलून मिळाला पाहिजे, किंमत आवाक्यांत राहिली पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या सोयीच्या, तिसरी व्यापाराच्या हिशेबाची. पण एक सुटली कीं बाकीच्या फुकट.

१९१० मध्यें औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघालें आणि कारखाना व गिऱ्हाईक यांच्यांत बोलणें सुरू झालें. माल विकून मोकळें होण्यापेक्षां विकल्यानंतरचा संबंध अधिक मोलाचा ठरला.

तरीहि काळ्या जमिनींत यशस्वी झालेला नांगर धानाच्या चिखलांत तसाच यशस्वी होईल, असें नाहीं. आज बैलांच्या जागीं ट्रॅक्टर येत आहेत; विकणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न मात्र जुनाच आहे: बांधीच्या कोपऱ्यांत हा वळतो काय?