खाणीतील सरदार : एका पदाचे अर्थांतर

भारतातील कोळसाखाणींत ‘सरदार’ हा शब्द आज एका कायदेशीर पदाचा वाचक आहे. परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवलेला आणि नेमून दिलेल्या भागातील, म्हणजे खाणीच्या बोलीत ‘डिस्ट्रिक्ट’मधील, कामगारांच्या जिवाची जबाबदारी वाहणारा पर्यवेक्षक म्हणजे माइनिंग सरदार. राणीगंज आणि झरियाच्या कोळसापट्ट्यांत मात्र हाच शब्द टोळीच्या नायकासाठीही रूढ होता. हा नायक उचल देऊन खेड्यांतून माणसे आणी, त्यांना कामाला लावी आणि त्यांनी भरलेल्या टबांवर, म्हणजे रुळांवरून ढकलल्या जाणाऱ्या कोळशाच्या छोट्या गाड्यांवर, दलाली घेई. नवख्याला हाताशी धरून खाण शिकवण्याची परंपरा या दोन अर्थांच्या दरम्यान घडत गेली.

या परंपरेचे सर्वांत जुने रूप कौटुंबिक होते. पुरुष कोळसा तोडे, त्याला ‘मालकट्टा’ म्हणत. स्त्री तो टोपलीतून वाहून टबात भरी, ती ‘कामीन’. मुले त्यांच्या मागेपुढे वावरतच अंधाराला आणि धोक्याला सरावत. शिकणे आणि राबणे यांत भेद नव्हता, आणि त्याची किंमत लहान जिवांना मोजावी लागे, हे विसरून या पद्धतीचा गौरव करणे अन्यायाचे ठरेल. 1923च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत काम देण्यास मनाई केली आणि 1929पासून स्त्रियांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने वगळण्यात आले. महायुद्धात कोळशाची टंचाई भासताच 1943मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवण्यात आली आणि 1946मध्ये ती पुन्हा लागू झाली. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. डिसेंबर 1943मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील खाणीत स्वतः उतरून पाहणी केली होती. कुटुंबाची जोडी मोडल्यावर नवा माणूस अनुभवी सहकाऱ्याच्या आणि सरदाराच्याच हाती उरला.

सरदाराने शिकवायचे ते प्रामुख्याने कानाचे, बोटांचे आणि डोळ्यांचे ज्ञान होते. छत तपासताना आधार दिलेल्या जागेखाली उभे राहून काठीने पुढच्या खडकावर ठोकायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे छताला टेकवून ठेवायची. खणखणीत नाद आला तर खडक एकसंध, पण आवाज पोकळ आला आणि बोटांना थरथर जाणवली तर वरचा थर सुटलेला. वायूची परीक्षा ज्योतीच्या सुरक्षादिव्याने होई. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छतालगत साठतो, म्हणून वात बारीक करून दिवा सावकाश वर न्यायचा आणि ज्योतीभोवती फिकट निळी टोपी दिसते का ते पाहायचे. ही टोपी वर्णनावरून ओळखता येत नाही; जाणत्याने शेजारी उभे राहून ‘ही पाहा’ म्हणून दाखवावी लागते. तालमीत वस्तादाचे जे स्थान, तेच येथे सरदाराचे.

अडचण अशी की, ज्याची मिळकत टबांच्या संख्येवर अवलंबून, त्यानेच ‘आज इथे काम थांबवा’ असे म्हणावे ही अपेक्षा माणसाच्या स्वभावावर फार मोठा भार टाकणारी होती. म्हणूनच सुरक्षेचा सरदार आणि टोळीचा सरदार वेगळे करणे ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना मानावी लागते. 1952चा खाण कायदा आणि 1957चे कोळसाखाण विनियम यांनी सरदाराची पात्रता, पाळीपूर्वीची तपासणी आणि तिची लेखी नोंद बंधनकारक केली. 1966च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या कामगाराला कामावर पाठवण्यापूर्वी शिक्षण देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवली. 1971 ते 1973 या काळातील राष्ट्रीयीकरणाने खासगी मालकांबरोबरच टोळीनायकांच्या साखळीचाही आधार काढून घेतला. विदर्भात वरोऱ्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातच सुरू झाली होती. आज येथील बहुतेक खाणी नागपूरस्थित वेस्टर्न कोलफील्ड्सच्या अखत्यारीत येतात आणि हेच नियम त्यांनाही लागू झाले.

हातच्या विद्येला मर्यादाही होत्या. 27 डिसेंबर 1975 रोजी चासनाळ्याच्या कोळसाखाणीत जुन्या खोदकामात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे दगावली. भिंतीपलीकडचे असे पाणी काठीच्या नादावरून कळण्याची खात्री नसते. त्यासाठी अचूक नकाशेच लागतात. सरदाराच्या जोडीला सर्वेक्षक आणि अभियंता का हवेत, याचे उत्तर त्या खाणीत आहे.

अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत काम देण्यास आता मनाई आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवाराला मात्र योग्य देखरेखीखाली काम करू देण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. 2019मध्ये स्त्रियांनाही तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी दिवसा भूमिगत खाणीत उतरण्याची परवानगी मिळाली. टोपली वाहणाऱ्या कामिनीला छत ठोकून पाहण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता. आता तोच अधिकार तिच्या नातीच्या वयाच्या मुलींना पर्यवेक्षक म्हणून मिळू शकतो.