मार्लवाईची शाळा

1939 सालच्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले, तेव्हा क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे तीस वर्षांचे मानववंशशास्त्रज्ञ हिंदुस्थानात होते. जन्म व्हिएन्नाचा, पदवी तेथल्याच विद्यापीठाची. पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर लंडनला मॅलिनोव्स्की यांच्यापाशी अध्ययन. परंतु 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे त्यांच्याजवळचे पारपत्र जर्मन होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ओळखीच्या अधिकाऱ्यांनी एवढी मात्र सवलत दिली, की छावणीत न डांबता त्यांना निजामाच्या राज्याच्या हद्दीत राहण्याचे बंधन घातले. एका परीने विद्येवर हे उपकारच झाले म्हणावयाचे!

या हद्दीतच आदिलाबाद जिल्हा होता. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके त्या काळी त्यात मोडत. तेथील डोंगरांत राजगोंडांची वस्ती. जंगले सरकारने राखीव केली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन गोंडांच्या हातून निसटू लागली. 1940 साली जोडेघाट येथे कोमराम भीमू यांचा उठाव पोलिसांच्या गोळ्यांनी चिरडला गेला. त्यानंतर या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्यावर सोपविले.

कारणांपैकी एक अगदी साधे होते. सरकारी कागद उर्दूत आणि सावकाराचा हिशेब मराठीत. गोंडाला दोन्ही वाचता येत नसत. ज्यावर अंगठा उठवावयाचा त्यात काय लिहिले आहे, हे तो दुसऱ्याच्या तोंडून ऐके.

म्हणून 1943 साली मार्लवाई या खेड्यात गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. उस्मानिया विद्यापीठाने 1918 पासून उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग चालविला होता. डोंगरातल्या मुलाला मात्र उर्दूही परकीच. तेव्हा येथे शिकविणारा गोंड आणि भाषा गोंडी, असे ठरले. थोडीफार मराठी अक्षरओळख असलेले मोजके गोंड तरुण प्रथम हाती धरले आणि गोंडी वाचने देवनागरीत छापली. मराठीची बाराखडी अशी गोंडीच्या उपयोगी पडली. शिकलेल्यांपैकी काही जण पुढे शिक्षक झाले, काही पटवारी व वनरक्षक. हायमेनडॉर्फ स्वतः 1945 पासून उस्मानियात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र इतिहासकार म्हणून ओळखतो, त्यांनीही अधिकारी या नात्याने या भागात काम केले, गोंडी आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. मराठी वाचकाला त्यांच्या या कामाची ओळख फारशी नसावी, हे नवलच.

युद्धानंतर हायमेनडॉर्फ लंडन विद्यापीठात गेले. आंध्र प्रदेशाच्या निर्मितीनंतर शाळांतून गोंडीची जागा तेलुगूने घेतली. आपली भाषा जाऊन परकी आली, इतकेच मुलांच्या वाट्याला आले. 1970 नंतरच्या दशकात ते पुन्हा आदिलाबादेत हिंडले, तेव्हा मिळवून दिलेल्या जमिनीही बाहेरून आलेल्यांच्या घशात जाताना त्यांना दिसल्या. 1982 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते स्पष्ट नोंदविले आहे.

त्यांच्या पत्नी बेटी या प्रत्येक मुक्कामात सोबत असत. 1987 साली त्या निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईलाच आहे. हायमेनडॉर्फ 1995 साली वारले आणि त्यांची रक्षाही पुढे तेथेच आणण्यात आली.