पीएच.डी. झालेला पोलीस आणि खोटं पकडणारं यंत्र

संशोधन पद्धतीच्या अभ्यासात 'वैधता' हा शब्द आपण सगळेच पाठ करतो. म्हणजे काय, तर जे मोजायचं आहे तेच आपण मोजतोय का? याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकी पोलिसांच्या इतिहासात सापडतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या अनेक शहरांत पोलिसाची नोकरी राजकीय वशिल्याने मिळायची आणि कबुलीजबाबासाठी मारहाण व्हायची. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना हे बदलायचं होतं. त्यांनी कॉलेजात शिकलेली माणसं भरती केली. त्यांतलेच एक जॉन लार्सन, शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. झालेले. १९२१ मध्ये त्यांनी रक्तदाब आणि श्वासोच्छ्वास यांची सलग नोंद करणारं यंत्र बनवलं. तेच पॉलिग्राफ.

हेतू चांगला होता: काठीऐवजी विज्ञान. पण यंत्र नोंदवतं ती शरीरातली खळबळ. ती खोटं बोलताना होऊ शकते, तशीच नुसत्या भीतीनेही. निरपराध माणूसही घाबरतोच की! म्हणजे मोजमाप बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा.

१९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना भरतीसाठी ही चाचणी घ्यायला बंदी केली. सरकारी नोकऱ्या मात्र वगळल्या. त्यामुळे तिथे पोलीस व्हायचं तर अनेक ठिकाणी उमेदवाराला आजही पॉलिग्राफला बसावं लागतं.

तेव्हा यंत्र असो वा प्रश्नावली, साधन निवडताना वहीत दोन ओळी लिहा. हे नेमकं काय नोंदवतं? आणि त्यावरून मी काय म्हणणार आहे? या दोन ओळींमधलं अंतर पुराव्यानेच भरावं लागतं.