२८ नोव्हेंबर २०१९ : ‘मुंबई सिटी’त अबुधाबीचा पैसा

शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते, त्याच दिवशी मुंबईत आणखी एक सत्तांतर जाहीर झाले. सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. ३५ टक्के रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे उरला. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या या समूहात सर्वांत मोठा वाटा शेख मन्सूर यांचा. ही खासगी गुंतवणूक, असे सांगितले जाते. पण गुंतवणूकदार अबुधाबीच्या राजघराण्यातला आणि अमिरातीचा उपपंतप्रधान असेल, तर खासगी तिजोरी कुठे संपते आणि सरकारी कुठे सुरू होते, हे कोण सांगणार?

यावर चाहत्यांचे उत्तर रोकडे : करंडक आले ना! आले, हे खरेच. २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शिल्ड आणि चषक दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड, २०२३-२४ मध्ये चषक. अंधेरीच्या मैदानावर कुणी राजकारण केल्याचेही दिसले नाही. धोका वेगळाच होता : क्लबचे भवितव्य परक्या हिशेबवहीत गेले. देशी मालक तरी कुठे टिकतात, असे हडपसरहून अख्खे पुणे ओलांडून बालेवाडीला सामने पाहायला जाणारे विचारतील. एफसी पुणे सिटी त्याच २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मात्र देशी मालकाला निदान इथे जाब विचारता येतो. आयएसएलच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवत समूहाने डिसेंबर २०२५ मध्ये आपला सगळा हिस्सा सोडला. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे आला.