परीक्षेचें माप आणि कोंढ्याचा विद्यार्थी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत कोंढा हें गांव आहे. शेजारच्या कोसऱ्यासह कोंढा-कोसरा असें जोडनांवच लोकांच्या तोंडीं असतें. पवनीचें नांव १९६९-७० सालच्या उत्खननांतील बौद्ध स्तूपामुळें संशोधकांस परिचित आहे. कोंढ्याचें तसें नाहीं. असें असतां त्याचा उल्लेख येथें करण्याचें कारण निराळें आहे. उच्च शिक्षणांतील परीक्षा व गुण यांचा इतिहास बहुधा मुंबई-पुण्याच्या बाजूनेंच सांगण्यांत येतो. त्याच मापाखालीं कोंढ्यासारख्या गांवचा मुलगा केव्हां व कसा आला, आणि त्याच्या मनावर त्याचा भार कसा पडला, हें पाहिल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाहीं असें आम्हांस वाटतें.

आरंभ मात्र मुंबईपासूनच केला पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली. तीस सव्वाशेंहून अधिक उमेदवार बसले व त्यांतून वीस-बावीसच पार पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. पुढें १८६२ च्या बी. ए. परीक्षेंत जे पहिले चौघे उत्तीर्ण झाले त्यांत हे दोघे, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे होते. त्या काळचें माप सरळ व कठोर होतें. एका विषयांत पडला तो सर्व विषयांत पडला. पुनः वर्षभर तीच पुस्तकें, तीच फी आणि तीच धास्ती. रानड्यांचे डोळे अतिवाचनानें विद्यार्थिदशेंतच बिघडले. त्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून पहिल्यास झुकतें माप दिलें, म्हणून प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेवली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनीं दिली आहे. याच ग्रँटसाहेबांस रानड्यांच्या बुद्धीचें मोठें कौतुक होतें. कौतुक करणारा व दंड करणारा हात एकच असला म्हणजे विद्यार्थ्याची मनःस्थिति काय होते, हें या एका गोष्टीवरून ध्यानीं येईल.

बळवंतराव टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष अभ्यासाऐवजीं व्यायामास दिलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. चरित्रांतून ती बाणेदारपणाचें उदाहरण म्हणून येते. आम्ही ती एक पुरावा म्हणून वाचतों. पदवीच्या वाटेवर शरीर मोडतें हें त्या पिढीस उघड दिसत होतें, आणि एका वर्षाची किंमत देऊन शरीर राखावें असें सोळा-सतरा वर्षांच्या मुलास वाटलें.

तें वाटणें निराधार नव्हतें. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं एकतिसाव्या वर्षीं गेले. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ सालीं त्रेचाळिसाव्या वर्षीं गेले. १८९४ च्या मार्चांत शंकर पांडुरंग पंडित वारले. पुढच्याच वर्षीं आगरकर चाळिशी गांठण्यापूर्वींच निवर्तले. तेलंग व पंडित यांच्या निधनानंतर १८९४ सालीं खुद्द रानड्यांनीं पदवीधरांच्या अकालमृत्यूचा प्रश्न जाहीर रीतीनें हातीं घेतला. त्यांनीं नुसता शोक केला नाहीं. पदवीधरांचीं नांवें व मृत्यु यांचा हिशेब मांडून हिंदु व पारशी पदवीधरांची तुलना केली. भांडारकर त्या वेळीं कुलगुरु होते, व त्यांसही या प्रश्नाकडे लक्ष द्यावें लागलें. परीक्षेच्या ताणाविषयीं महाराष्ट्रांत झालेली पहिली मोठी चर्चा ती हीच, असें आमचें मत आहे. प्रत्येक मृत्यूचें कारण परीक्षा होतें असें म्हणणें अर्थात् चुकीचें होईल. आगरकरांस दमा होता, कोणास ताप आला, कोणास संसाराची ओढाताण सोसली नाहीं. परंतु त्याच परीक्षा देणाऱ्या दोन समाजांच्या मृत्युसंख्या शेजारीं ठेवल्या कीं विचार आपोआप परीक्षेच्या दालनांतून बाहेर पडून घरांत शिरतो. घरचें दारिद्र्य, लहान वयांतील लग्न आणि एका पदवीवर साऱ्या कुटुंबानें लावलेली आशा, या सर्वांसह विद्यार्थी परीक्षेस बसतो. ही दृष्टि आम्हांस आजही उपयोगाची वाटते.

हें दुखणें केवळ येथलें नव्हतें. १८८८ च्या नोव्हेंबरांत ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या इंग्रजी मासिकांत परीक्षेपायीं शिक्षणाचा बळी दिला जात आहे असा जाहीर निषेध चारशेंहून अधिक सह्यांनिशीं निघाला, व माक्स मुल्लर यांनीं त्याच्या पुष्ट्यर्थ लिहिलें. म्हणजे जें माप आम्हांकडे नुकतेंच रुजत होतें, त्याच्याविषयीं तें पाठविणाऱ्यांच्या घरींच वाद चालला होता.

आतां वैनगंगेकडे वळूं. मुंबईचें माप भंडाऱ्यास लागू नव्हतें. हा मुलूख मध्यप्रांतांत होता. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें, पण नागपुरास विद्यापीठ नव्हतें. म्हणून हीं कॉलेजें प्रथम कलकत्ता विद्यापीठास जोडलेलीं होतीं व पुढें अलाहाबादेस जोडण्यांत आलीं. याचा अर्थ असा कीं, कोंढ्याच्या बाजूचा एखादा मुलगा भंडाऱ्यास शिकून नागपुरास पोहोंचलाच, तर त्याचे प्रश्न कलकत्त्यास किंवा अलाहाबादेस निघत आणि त्याचे पेपर तपासणाऱ्यास बहुधा मराठीचा गंधही नसे. पुण्याच्या विद्यार्थ्यास निदान आपले परीक्षक कोण असावेत याचा तर्क करतां येई. येथें तेवढेंही नव्हतें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ झालें, बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरु झाले, आणि तें माप एकदम शेंकडों कोस जवळ आलें. कोंढ्याच्या दृष्टीनें पाहतां १८५७ पेक्षां १९२३ हेंच साल अधिक महत्त्वाचें आहे. आमच्या इतिहासग्रंथांत मात्र तें एखाद्या ओळींत आटोपतें.

माप जवळ आलें तरी तें खरें होतें काय? या प्रश्नास सर्वांत परखड उत्तर १९३५ सालीं मिळालें. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु सर फिलिप हार्टोग यांनीं ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडांतील परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहास विषयाच्या, पूर्वीं सारखेच मध्यम गुण मिळालेल्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनीं पंधरा परीक्षकांकडून तपासून घेतल्या. पुढें बारा ते एकोणीस महिन्यांनीं त्याच पत्रिका त्यांतील चौदा परीक्षकांस पुनः दिल्या. एकंदर २१० निकालांपैकीं ९२ निकाल बदलले. पत्रिका तीच, परीक्षक तोच. पण पहिल्यानें उत्तीर्ण ठरविलेला मुलगा दुसऱ्या खेपेस नापास! इतिहासाच्या अभ्यासकांस ही गोष्ट विशेष झोंबावी. आमच्यापैकीं पुष्कळांनीं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि सायंकाळच्या शेवटच्या गठ्ठ्यास सकाळचा हात लागत नाहीं हें आम्ही मनांत जाणून आहों.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें (१९४८-४९) विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षेची, असें स्पष्ट सांगितलें. दरम्यान आमच्याकडे एक सोय रूढ झाली, ती म्हणजे ए.टी.के.टी. कांहीं विषयांत नापास झालेल्यास पुढील वर्गांत टर्म भरण्याची परवानगी, एवढाच तिचा अर्थ. ‘टर्म भरणें’ हा शब्दप्रयोग ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वसतिगृही जीवनांतला. तो मराठी घरांत चार अक्षरांच्या रूपानें असा रुळला कीं त्याचें मूळ कोणास आठवत नाहीं. या चार अक्षरांनीं किती मुलांचें वर्ष वांचविलें असेल! ‘एकांत पडला तो सर्वांत पडला’ हा १८५९ चा न्याय मोडणारी खरी सुधारणा हीच. तिचा गौरव कोणी केला नाहीं, उलट तिची थट्टाच झाली.

यानंतर श्रेणी आली. तीही जुनीच. अमेरिकेंतील येल येथें १७८५ सालीं एझ्रा स्टाइल्स यांनीं विद्यार्थ्यांचे चार वर्ग लॅटिन विशेषणांनीं पाडले होते. माउंट होल्योक येथें १८९७ सालीं अक्षरें आलीं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें १९७० नंतरच्या दशकांत तिचा पुरस्कार केला व २०१५ च्या सुमारास श्रेयांक-पद्धतीबरोबर दहा गुणांकांची मालिका सर्वत्र लागू करण्याचा आग्रह धरला: ‘ओ’ ला दहा, ‘ए प्लस’ ला नऊ, असें उतरत ‘पी’ ला चार व ‘एफ’ ला शून्य. श्रेणीचा हेतु चांगला आहे. परीक्षकाचा हात चार-पांच गुणांनीं इकडे-तिकडे होणारच. तेव्हां खोट्या सूक्ष्मतेपेक्षां एक ढोबळ अक्षर अधिक प्रामाणिक.

पण व्यवहारांत काय झालें तें पाहावें. अक्षराचा पुनः अंक केला, अंकाची सरासरी काढली आणि ती दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापली. समजा, एका सत्रांत चार-चार श्रेयांकांचे पांच विषय आहेत व ५५ गुणांपासून वरची श्रेणी लागते. एका विषयांत ५४ ऐवजीं ५५ मिळाले, तर गुणांक सहाचा सात होतो आणि सरासरी ०.२० नें वाढते. दहांत ०.२० म्हणजे शेंकडा दोन. जुन्या पद्धतींत याच एका गुणानें शेंकडेवारी ०.२० नेंच वाढली असती. म्हणजे सीमेवरच्या एका गुणाचें वजन दसपट झालें! आणि ज्यानें ५५ चे ५९ केले त्याच्या चार गुणांस वजनच नाहीं. शिवाय नोकरीच्या अर्जांत पुनः शेंकडेवारी मागतात, ती आहेच. ढोबळपणासाठीं आणलेल्या मापानें सीमेवरच्या मुलाची धास्ती कमी केली नाहीं. तिची जागा तेवढी बदलली.

या धास्तीचा हिशेब आज सरकारी दप्तरांत मिळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचे १,७६४ होते, आणि हा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. परीक्षेंतील अपयश हें कारण त्या वर्षीं देशांत २,२४८ मृत्यूंपुढें नोंदलेलें आहे. त्यांत विद्यार्थी नसलेलेही असूं शकतात, हें वाचकांनीं ध्यानीं ठेवावें. मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें उच्च शिक्षणांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयीं न्यायमूर्ति रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय कृतिदल नेमलें. रानड्यांनीं स्वतः हिशेब मांडल्यास तेव्हां एकशें एकतीस वर्षें झालीं होतीं.

कोंढा-कोसऱ्यास आज पदवीचें शिक्षण दारीं आलें आहे. त्यासाठीं नागपूर गांठावें लागत नाहीं. भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत आहे, व त्या विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन. सत्रपद्धतीनें वर्षाचा एक मोठा ताण मोडून दोन लहान केले, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि शहरांत तें खरेंही असेल. परंतु पवनी तालुका धानाचा आहे. हिवाळी परीक्षेची तयारी व्हावयाची तेव्हां बांध्यांत कापणी चालू असते, पुंजणे घालावयाचे असतात, मळणीस माणसें मिळत नाहींत; आणि उन्हाळी परीक्षेच्या हंगामांत मोहफूल व तेंदूपत्ता असतो. जुन्या वार्षिक परीक्षेंत कापणी निदान सुटत असे. आतां शिकणाऱ्या मुलामुलींस विळा आणि पुस्तक यांत वर्षांतून दोनदां निवड करावी लागते, आणि कापणीच्या दिवसांत घरानें विळा मागितला तर नाहीं म्हणणें त्यांच्या हातीं नसतें.